लोलक आणि शिरोरेषा

इंग्रजीतील 'प्रिझम'ला मराठीत आपण लोलक म्हणतो. शालेय पाठ्यपुस्तकांतून हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याचे नवल वाटेनासे झाले आहे. वस्तुतः 'लोल' म्हणजे हलणारे, झुलणारे. आणि प्रयोगशाळेतील काचेचा त्रिकोणी ठोकळा तर टेबलावर निश्चल बसलेला असतो. हिंदीत हाच शब्द अगदी वेगळ्या वस्तूस लाभला आहे. हिंदी विज्ञानग्रंथांतील 'सरल लोलक' म्हणजे दोऱ्याला टांगलेला गोळा, आपण ज्याला लंबक म्हणतो तो. हिंदीभाषक अभ्यासक मराठीतील प्रकाशशास्त्राचे प्रकरण वाचू लागला तर काचेच्या लंबकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग कसे पडतात या कोड्यात तो काही काळ सापडावा. मराठी शब्दाचे मूळ झुंबरात असावे असे मला वाटते. जुन्या वाड्यांतील, देवळांच्या सभामंडपांतील हंड्याझुंबरांना पैलू पाडलेले जे काचेचे तुकडे लोंबत, ते लोलक. एखादा निखळून पडला की मुले तो पळवीत आणि उन्हात धरून भिंतीवर रंग पाडीत. आमच्या आजोळी सांगलीस असा एक लोलक देवघराच्या खिडकीत दोऱ्याने बांधलेला होता, आणि सकाळी साडेआठाच्या सुमारास देवांच्या अंगावर थोडा वेळ जांभळा-तांबडा प्रकाश हलत असे. शास्त्राने मराठीत शब्द घेतला तो या खेळण्याकडून. हिंदीने घेतला तो धातूच्या अर्थाकडून. कोणाचे बरोबर, हा प्रश्न येथे गौण आहे.

'लेन्स'ची कथा याहून सुरस आहे. लॅटिनमध्ये हा शब्द मसुरीचा. दोन्ही बाजूंनी फुगीर असलेली काच मसुरीच्या दाण्यासारखी दिसते म्हणून तिला धान्याचेच नाव मिळाले. अरबीत 'अदस' म्हणजे मसूर आणि 'अदसा' म्हणजे भिंग. उर्दूने तोच शब्द स्वीकारला. कन्नड विज्ञानग्रंथांत लेन्सला सरळ 'मसूर' म्हणतात. बंगळुरातील माझ्या पहिल्याच महिन्यात कॉलेजच्या एका विद्यार्थ्याच्या वहीत मी हा शब्द वाचला तेव्हा एखादी ओळखीची व्यक्ती परगावी अवचित भेटावी तसे झाले. मराठीने मात्र मसूर आमटीपुरतीच ठेवली आणि काचेस 'भिंग' म्हटले. डोळ्यांवर ती काच चढली की भाषांची आणखी फाटाफूट होते. मराठी, गुजराती, बंगाली यांचा चष्मा फारसीतील डोळ्यावरून आलेला. हिंदी-उर्दूची 'ऐनक' अरबी डोळ्यावरून. तमिळ भाषा त्यास नाकावरची आरशी म्हणते, तेलुगू डोळ्यांचे आरसे म्हणते, आणि कन्नडात तो 'कन्नडक' होतो, आरशाच्या 'कन्नडि' या शब्दाचा सख्खा भाऊ. मराठीने या वस्तूस वयाचे नावही देऊन ठेवले आहे: चाळिशी. एखाद्यास चाळिशी लागली म्हणजे त्याचे वय झाले की त्याला चष्मा लागला, हे संदर्भावाचून कळत नाही, आणि बहुधा दोन्ही एकदमच घडलेले असते.

मला चाळिशी लागली ती मात्र जरा आडवळणाने. अभ्यागत प्राध्यापक म्हणून बंगळुरास येण्यापूर्वी काही महिने संध्याकाळच्या वेळी वाचताना ओळी एकमेकींवर चढू लागल्या होत्या. अक्षर पुसट नव्हते. उलट अक्षर स्पष्ट होते, पण एकाऐवजी दोन होते, एक खाली आणि एक वर. एक डोळा मिटला की पान शहाण्यासारखे वागे. दोन्ही उघडले की पुन्हा तोच गोंधळ. मी त्या काळात तंजावरच्या मराठी दरबारातील मोडी कागदांच्या छायाप्रती वाचीत होते. मोडी लिहिणारा आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बोरूने सलग रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे टांगीत जातो. शब्द कोठे संपला हे ती रेघ सांगत नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावयाचे. अशा लेखनात दुसरी प्रतिमा बोटभर खाली सरकली की वरच्या ओळीची शिरोरेषा खालच्या ओळीच्या अक्षरांमधून आरपार जाते. लेखकाने आपले सारे लिखाण स्वहस्ते खोडून टाकले आहे असे वाटावे, तसे ते पान दिसे. त्याच टेबलावर पडलेला कन्नड मजकूर तितका छळत नसे, कारण त्या लिपीस अखंड शिरोरेषाच नाही. तेथे अक्षरांची नुसती गर्दी होई. दोन लिप्यांच्या स्वभावातील हा भेद मला कोणत्याही लिपिशास्त्राच्या ग्रंथात आढळला नव्हता. तो कळण्यासाठी स्नायू थकावा लागला.

थकलेला स्नायू उजव्या डोळ्याचा होता. नेत्रतज्ज्ञ बाईंनी तपासणी झाल्यावर मला एक चमत्कारिक विनंती केली: लहानपणापासूनची छायाचित्रे घेऊन या. घरून भावाने अल्बममधील दहाबारा छायाचित्रे पाठविली. पहिलीच्या वर्गाचे, मुंजीतले, पदवीदान समारंभातले, लग्नातले. बाईंनी ती टेबलावर पत्त्यांसारखी मांडली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले. सर्व छायाचित्रांत माझी मान डाव्या खांद्याकडे किंचित कललेली होती. घरात याला लाजाळूपणा म्हणत. आई म्हणे, मान सरळ ठेवून बोल, नाटकातल्या नायिकेसारखी वाकडी करू नकोस. ती लाज नव्हती आणि नाटकही नव्हते. डोळ्यास खाली आणि आत वळविणारा जो तिरपा स्नायू, त्याच्याकडे जाणारी चौथी मस्तिष्क-नाडी जन्मतःच दुबळी असली, तर मूल मान कलवून दोन्ही डोळ्यांची चित्रे एकावर एक आणावयास आपोआप शिकते. मेंदू हा उद्योग अनेक वर्षे बिनबोभाट करीत राहतो. चाळिशीच्या आसपास त्याची ताकद कमी पडू लागते, आणि मग चित्रे सुटतात. एवढी वर्षे मी जे काही वाचले ते सर्व कललेल्या मानेने वाचले, ही गोष्ट पचावयास मला काही दिवस लागले. तौलनिक साहित्याची अभ्यासक म्हणून मी दोन संहिता शेजारी ठेवून वाचण्याचा धंदा करते. प्रत्येक पान आधी स्वतःशीच जुळवून घ्यावे लागत होते, याची मला कल्पना नव्हती.

शस्त्रक्रिया हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग लोलकाचा. बाईंचे म्हणणे, आधी दुसरा करून पाहू.

चष्म्यातील लोलक ही वस्तू बहुतेकांना ठाऊक नसते, कारण ती दिसत नाही. भिंगाचे काम किरण एकत्र आणणे किंवा पसरविणे. लोलकाचे काम यातले एकही नाही. तो चित्र मोठे करीत नाही, लहान करीत नाही, स्पष्टही करीत नाही. तो ते केवळ सरकवितो. किरण लोलकाच्या जाड बाजूकडे, म्हणजे तळाकडे वळतो आणि पाहणाऱ्यास वस्तू निमुळत्या कडेच्या दिशेने सरकलेली भासते. हे सरकणे मोजावयाचे माप चार्ल्स प्रेंटिस याने १८९० मध्ये सुचविले: एक मीटर अंतरावर एक सेंटिमीटर सरकविणारा लोलक तो एक प्रिझम डायॉप्टरचा. माझ्या कागदावर तीन प्रिझम डायॉप्टर लिहिलेले होते, दोन्ही डोळ्यांत निम्मेनिम्मे विभागलेले: उजवीकडे दीड, तळ खाली, डावीकडे दीड, तळ वर. चाळीस सेंटिमीटरवर धरलेल्या पुस्तकात तीन डायॉप्टर म्हणजे बारा मिलिमीटर. मी छायाप्रत काढून पट्टीने मोजले. तंजावरच्या त्या कारकुनाने दोन शिरोरेषांमध्ये जवळजवळ तेवढेच अंतर राखले होते.

आधी प्रयोगादाखल बाईंनी जुन्या चष्म्यावर एक पातळ, लवचीक पापुद्रा चिकटवून दिला. त्यावर बारीक आडव्या खाचा होत्या. प्रत्येक खाच हा एक चिमुकला लोलक. जाड काचेतील निरुपयोगी मांस काढून टाकावे आणि केवळ उतार शिल्लक ठेवावा, ही कल्पना ऑगस्तँ फ्रेनेलची. त्याने ती दीपगृहांसाठी योजिली, आणि १८२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोर्दुआँच्या दीपगृहात त्याचे भिंग प्रथम बसविले गेले. जहाजांना खडक दाखविण्याचा उपाय माझ्या नाकावर चिकटविलेला पाहून मला गंमत वाटली. ओळी एक झाल्या. पण खाचांमुळे सारे जग पावसाळी काचेआडून पाहावे तसे धूसर झाले, आणि मोडीतील बारीक वळणे त्यात बुडाली. तेव्हा खऱ्या काचेचा, किंवा आता ज्याला काच म्हणण्याची केवळ सवय उरली आहे त्या प्लॅस्टिकचा, चष्मा करावयाचे ठरले.

येथे माझ्या आजीचा चष्मा आठवल्यावाचून राहत नाही. तिचा मोतीबिंदू काढला तेव्हा डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची सोय आमच्याकडे सर्वसामान्य नव्हती. लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली याने ते १९४९ मध्येच बसवून दाखविले होते, पण आपल्या गावोगावच्या शिबिरांतून सुटणाऱ्या रुग्णाच्या हाती पडे तो दहाबारा नंबरचा, भाकरीसारखा फुगलेला चष्मा. आजीचे डोळे त्यामागे घुबडासारखे मोठे दिसत. ती उंबरठ्याशी थबके, पाय चाचपून टाके, आणि कोणी बाजूने आले की दचके. म्हणे, "माणूस भिंतीतून निघाल्यासारखं येतंय." आम्ही नातवंडे हसत असू. प्रेंटिसचाच एक साधा नियम आहे: भिंगाच्या मध्यापासून जितके सेंटिमीटर दूर पाहावे, त्यास भिंगाच्या नंबरने गुणावे, तेवढा लोलक तेथे आपोआप तयार होतो. म्हणजे प्रत्येक भिंग मध्यबिंदूखेरीज सर्वत्र लोलकच आहे. आजीच्या भिंगाच्या कडेशी हा लोलक इतका बलवान होता की चौकटीच्या आतले आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये एक गोल पट्टा दृष्टीतून गायबच होई. त्या पट्ट्यातून चालत येणारा माणूस तिला दिसत नसे आणि मग एकाएकी दिसे. तिचे वर्णन तंतोतंत खरे होते. आमच्यापैकी कोणीही तिला ते कसे घडते हे विचारले नाही, आणि गावात ते सांगणारा कोणी नव्हताही.

शहरातील एका मोठ्या दुकानाने माझा पहिला चष्मा करून दिला. तो घातल्याबरोबर पायरी दोन झाली, दाराची चौकट दोन झाली आणि मळमळू लागले. चार दिवसांत सवय होईल, असे मला हसतमुखाने सांगण्यात आले. चार दिवसांनी बाईंनी तो यंत्राखाली ठेवला. उजव्याचे भिंग डावीकडे आणि डाव्याचे उजवीकडे बसले होते. तीन डायॉप्टर कमी होण्याऐवजी तीन वाढले होते. दुकानाने चूक मान्य केली नाही. पैसे मात्र परत केले. बाईंनी मला एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. पीण्या, दुसरा टप्पा, अमुक आडवा रस्ता. "दुकानांना भिंगं करून देणारा हा माणूस आहे," त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच जा. तुमच्या भाषेचाच आहे."

पीण्या हे नाव ऐकून बंगळुराबाहेरच्या वाचकाच्या मनापुढे काही उभे राहण्याचे कारण नाही. तुमकूर रस्त्याने शहराच्या वायव्येस जावे, यशवंतपूर मागे पडावे, की हे सुरू होते: हजारो लहान कारखान्यांचे एक गावच. २०१४ पासून येथवर मेट्रो येते आणि उन्नत मार्गावरून हा सारा पसारा नकाशासारखा पाहता येतो. पत्र्याची आणि सिमेंटची छपरे, लेथच्या कुरळ्या कातणांचे ढीग, मुलामा देणाऱ्या शेडींतून येणारा आंबट वास, दुपारी तीनला बदलणाऱ्या पाळीच्या मुलींच्या रांगा. लगतच जालहळ्ळीस हिंदुस्तान मशीन टूल्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स हे दोन सरकारी कारखाने १९५० नंतरच्या पहिल्या दशकातच आले होते; त्यांना सुटे भाग पुरविता पुरविता, आणि त्यांच्यातून शिकून बाहेर पडलेल्या कारागिरांच्या हिमतीवर, पुढे पीण्या वाढत गेले.

यांतल्याच काही शेडींत १९७३ ते १९७५ या काळात उडुपी रामचंद्र राव आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 'आर्यभट' हा भारताचा पहिला उपग्रह जुळविला. साडेतीनशे किलोंहून थोडे अधिक वजन, सव्वीस सपाट पैलू. १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोव्हिएत भूमीवरून अवकाशात गेला. दोन रुपयांच्या जुन्या नोटेच्या मागील बाजूस त्याचे चित्र असे, आणि ते चित्र पाहून मला लहानपणी खात्री वाटे की हा झुंबराचा एक मोठा लोलक आहे. उपग्रहाचे ते पैलू प्रकाश फोडण्यासाठी नव्हेत, सौरघट बसविण्यासाठी होते, हे पुढे कळले. ज्या ठिकाणी आर्यभट तयार झाला तेथेच आज भारतीय अवकाश संशोधन संस्थेची विद्युत-प्रकाशीय प्रयोगशाळा आहे. 'लिओस' या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. उपग्रहास सूर्य कोठे आहे, पृथ्वीची कड कोठे आहे, अमुक तारा कोठे आहे हे सांगणारे डोळे तेथे घडतात, आणि पृथ्वीची छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यांची भिंगे व आरसेही. उंच भिंत, पहारा, आत काय चालते ते दिसत नाही. तिच्यापासून काही रस्ते पलीकडे माझा पत्ता होता.

शेड लहान होती. आठ माणसे, चार यंत्रे, कोपऱ्यात गणपती आणि राघवेंद्रस्वामी. मालक साठीच्या पुढचे. त्यांचे घराणे नामदेव शिंप्यांचे. बंगळुरात किती पिढ्या गेल्या हे त्यांनाही सांगता येईना. घरात मराठी, बाहेर कन्नड, गिऱ्हाइकाशी इंग्रजी. त्यांची मराठी कानावर पडली की आधी सूर कन्नडचा ऐकू येई आणि मग त्यातून एकेक शब्द ओळखीचा निघे. मला ते 'बाई' म्हणत. शिंपीकाम सोडून काचेकडे वळलेले घराण्यातले ते पहिलेच. तरुणपणी त्यांनी खरी काच घासली होती. लोखंडाच्या वाटीत एमरीची पूड आणि पाणी घालून, पायाने फिरविलेल्या दांड्यावर, तासन्‌तास. "तेव्हा दिवसाला सहा जोड्या झाल्या तर खूप," ते म्हणाले. आता यंत्र काही मिनिटांत वक्र कापते.

मी तेथे तीन तास बसले आणि माझे भिंग जन्मताना पाहिले. पुढची बाजू तयार असलेली जाड चकती घेतात. तिच्यावर शाईने अक्ष आणि मध्य आखतात, ओरखडे पडू नयेत म्हणून निळी पट्टी चिकटवितात, आणि मग थोड्याशा उष्णतेनेच वितळणाऱ्या मिश्रधातूच्या साहाय्याने ती एका ठोकळ्यावर बसवितात. सारे कौशल्य या बसविण्यात आहे. चकती सरळ बसविली तर साधे भिंग निघते. तिच्याखाली पाचरीसारखी एका बाजूस जाड असलेली कडी घातली की चकती किंचित कलते, आणि यंत्र नेहमीचाच वक्र कापीत असले तरी मागची बाजू पुढच्या बाजूशी तिरपी कापली जाते. तो तिरपेपणा म्हणजे लोलक. माझ्या उणे तीन नंबराच्या चकतीस त्यांनी दीडची कडी लावली. पन्नास मिलिमीटर उंचीच्या भिंगात त्यामुळे वरच्या आणि खालच्या कडेच्या जाडीत दीड मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. बोटांना तो कळतो, डोळ्यांना कळत नाही. लहान लोलक असेल तर कडी न लावताही काम भागते, त्यांनी सांगितले: उणे तीनचे भिंग चौकटीत पाच मिलिमीटर सरकवून बसवावे, दीड डायॉप्टर आपोआप मिळतो. मनात मी गुणाकार करून पाहिला. प्रेंटिसचा नियम ज्या माणसाने नावानिशी कधी ऐकलेला नव्हता त्याच्या बोटांत तो बसलेला होता. कापून झालेले भिंग मग खरखरीत आणि नंतर मऊ गादीवर घासतात, आणि शेवटी दुधासारख्या पांढऱ्या द्रावात, ज्यात ॲल्युमिनाची अतिसूक्ष्म पूड असते, झिलई देतात. शेडीच्या जमिनीवर, यंत्रांवर, गणपतीच्या सोंडेवरसुद्धा त्या पांढऱ्या द्रावाचे शिंतोडे होते.

स्पिनोझा भिंगे घासून पोट भरीत असे, हे आम्ही साहित्याचे लोक वर्गात मोठ्या कौतुकाने सांगतो, जणू काही तो विचार करता करता मन रमविण्यासाठी काच घासीत होता. १६७७ मध्ये तो वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी छातीच्या विकाराने गेला, आणि काचेच्या धुळीने तो विकार बळावला असावा असे पुष्कळ चरित्रकार मानतात. माझे वय त्याहून थोडेसेच अधिक आहे. मालकांना मी खोकल्याविषयी विचारले. काच होती तेव्हा खोकला होता, ते म्हणाले. प्लॅस्टिक आल्यापासून नाही. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात या माहितीस जागा नसते.

प्लॅस्टिक कोणते घ्यावयाचे यावर मात्र त्यांनी मला बराच वेळ समजावले, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. न फुटणारे, पातळ, दुकानदार ज्याची शिफारस करतात ते पॉलिकार्बोनेट लोलकास वाईट. कारण प्रत्येक पारदर्शक द्रव्य किरण वळविते तेव्हा रंगही थोडे फोडते. हा फुटण्याचा दोष किती कमी, हे एर्न्स्ट आबे याच्या नावाच्या अंकाने सांगतात. अंक जितका मोठा तितके रंग कमी. साध्या चष्म्याच्या काचेचा तो साठच्या आसपास, जुन्या सीआर-३९ या प्लॅस्टिकचा अठ्ठावन्न, पॉलिकार्बोनेटचा अवघा तीस. तीसच्या द्रव्यात लोलक घातला तर पांढऱ्या कागदावरील काळ्या अक्षरास एका कडेने निळसर आणि दुसऱ्या कडेने पिवळट झालर येते. "रस्त्यावर चालणाऱ्याला चालेल," ते म्हणाले, "वाचणाऱ्याला नाही." सीआर-३९ जाड होते. मी जाड घेतले.

रंगाशिवाय वळणे शक्य आहे काय, हा प्रश्न जुना आहे. न्यूटनने लोलकातून पांढऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे केले हे सर्वांस ठाऊक असते. त्यानेच पुढे असाही निष्कर्ष काढला की वळणे आणि फुटणे यांची जोडी अभेद्य आहे, म्हणून भिंगांच्या दुर्बिणीचा रंगदोष कधीच जाणार नाही. आणि त्याने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली. जॉन डॉलंड या लंडनच्या चष्मेवाल्याने १७५८ मध्ये दोन निरनिराळ्या जातींच्या काचा जोडून रंगदोष घालविणाऱ्या भिंगाचे एकस्व मिळविले. त्यापूर्वी चेस्टर मूर हॉल या वकिलाने ते साधले होतेच. म्हणजे वळणे ठेवून फुटणे टाळता येते. आणि याच युक्तीची दुसरी बाजू अशी की काचांची निवड उलटी केली तर फुटणे ठेवून वळणे टाळता येते. सरळ पाहता येणारा खिशातला वर्णपटदर्शक हे त्याचे फळ: त्यातील लोलक एकमेकांचे वळण रद्द करतात आणि रंग तेवढे शिल्लक ठेवतात. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांना कलकत्त्यात विखुरलेल्या प्रकाशातील तो नवा रंग प्रथम दिसला तो अशाच एका उपकरणातून, आणि त्यांनी त्याविषयीचे पहिले सविस्तर व्याख्यान दिले ते पुढच्याच महिन्यात, १६ मार्च रोजी, याच बंगळुरात. एकाच काचेकडून एकास दिशा हवी असते आणि रंग नको असतो. दुसऱ्यास नेमके उलटे. भाषांतराविषयीच्या चर्चेत हा दाखला कोणी वापरल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वापरू नये असेही वाटते, कारण काच हे निमूटपणे करते आणि आपण त्याच्यावर तीन परिसंवाद भरवू.

रामन यांच्या परंपरेतील एक उपकरण पलीकडच्या त्या उंच भिंतीआड घडले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चा 'प्रज्ञान' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूस हिंडत होता तेव्हा त्याच्यावर लिओसने तयार केलेला वर्णपटदर्शक होता. लेसरचा झोत मातीवर टाकावयाचा, क्षणभर ती माती पेटून प्रकाश देते, तो प्रकाश भिंगाने गोळा करून रंगारंगांत विलग करावयाचा आणि त्यावरून मूलद्रव्ये ओळखावयाची. तेथे लोलकाची जागा बारीक रेघांच्या जालीने घेतली आहे, पण काम तेच. त्या मातीत गंधक असल्याचे २८ ऑगस्ट रोजी जाहीर झाले. त्याच यानाच्या 'विक्रम' या अवतरकावर आठ छोट्या काचेच्या घनकोन-लोलकांचा एक अमेरिकी संच आहे, ज्याच्यावर कोठूनही प्रकाश पडला तरी तो आल्या वाटेने परत पाठविला जातो. 'विक्रम' निद्रिस्त झाला, तरी हे लोलक काम करीत आहेत. त्यांना वीज लागत नाही.

मालकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले की तेथील काही माणसांचे चष्मेही त्यांच्याकडेच होतात.

चौकटीत बसविण्यापूर्वी त्यांनी दोन्ही भिंगे यंत्राखाली मला दाखविली. हिरव्या रेघांची जाळी वर्तुळांच्या मध्यावर न राहता उजव्या भिंगात दीड घर खाली सरकलेली, डाव्यात दीड घर वर. "तळ खाली, तळ वर. बघून घ्या, बाई. नंतर भांडायला यायचं नाही." मी चष्मा घातला. पिशवीतील छायाप्रत काढली. शिरोरेषा एक होती. तिच्याखाली अक्षरे, त्याखाली कोरी जागा, आणि मग दुसरी शिरोरेषा. थोडासा कल शिल्लक होता, कारण लोलक चित्र सरकवितो, फिरवीत नाही. पण कलास वाचता येते.

ते माझ्या खांद्यावरून कागदाकडे पाहत होते. हे मोडी आहे काय, त्यांनी विचारले. मी हो म्हटल्यावर ते आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट वही घेऊन आले. कापडाची बांधणी, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. आजोबांची. घरात ती दसऱ्यास पूजेत ठेवतात. तिच्यात काय आहे हे वडिलांच्या पश्चात कोणास ठाऊक नाही. एका मुलाचे मत असे की त्यात जमिनीचा हिशेब असावा, दुसऱ्याचे असे की मंत्र असावेत. कोर्टात नेण्यासारखे काही आहे काय, हे त्यांना कळावयास हवे होते, आणि विचारताना त्यांचा आवाज खाली आला होता. आठही माणसांनी यंत्रे बंद केली.

मी पहिल्या पानापासून वाचीत गेले. अंगरखा एक, शिलाई सहा आणे. परकर दोन. टोपी लष्करी, नग बारा, पैकी चार परत. अमक्याकडे येणे. तमक्याचे बाळंतपण, उधार. पान सातवर एका गिऱ्हाइकाच्या नावापुढे 'वारला, बाकी सोडली' असे होते. जमीन नव्हती, मंत्र नव्हते. ते मध्ये मध्ये एखाद्या नावाशी मला थांबवीत आणि ते घराणे आता कोठे राहते ते सांगत. अंधार पडू लागला तरी आम्ही निम्म्याच वहीपर्यंत पोचलो होतो, आणि पुढच्या शनिवारी मी पुन्हा यावे असे ठरले.